स्पिरुलिना वाळवा उन्हावर, पण उन्हात नाही

स्पिरुलिना हे खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ. ते टाकीत वाढवणं त्यामानाने सोपं. खर्च आणि नासाडी होते ती वाळवताना. एक लिटर पाणी उडवायला साधारण 0.67 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागतेच, ड्रायर कितीही भारी आणा. म्हणून जे पाणी दाबून निघतं, त्यावर उष्णता घालवायची नाही.

1. काढणी पहाटे करा. 30 ते 50 मायक्रॉनच्या कापडातून गाळून लगदा स्वच्छ पाण्याने धुवा. टाकीतले क्षार राहिले तर माल खारट लागतो.

2. आता दाबणं. इथे घाई नको. लगदा कापडात बांधून वजन हळूहळू वाढवा. एकदम दाबलंत तर शेवाळच कापडातून बाहेर येतं. 90 टक्के पाण्याचा 10 किलो लगदा 80 टक्क्यांवर आणला की 5 किलो उरतो, म्हणजे 5 लिटर पाणी फुकटात गेलं. बोट रोवल्यावर खड्डा तसाच राहिला आणि पाणी सुटलं नाही, की थांबा.

3. सोऱ्याला शेवेची बारीक जाळी लावून स्टीलच्या जाळीवर विरळ शेव पाडा. थापून ठेवलेला लगदा वरून कडक होतो आणि आत नासतो.

4. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठच्या बायका हे शेवाळ वाळूवर, थेट उन्हात वाळवत आल्या आहेत. विकायच्या मालाला ते परवडत नाही: वाळू येते, रंगद्रव्यं उडतात. त्यापेक्षा काळ्या पत्र्यावर हवा तापवून ती झाकलेल्या पेटीत सोडा आणि वर चिमणी ठेवा. छोटा सोलर पंखा असेल तर उत्तम. तापमान 45 अंशांच्या आसपास राहू द्या. 60 च्या वर फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य झपाट्याने जातं.

5. शेव कडकन तुटायला हवी. खात्री वजनाने करा: 80 टक्के पाण्याच्या 500 ग्रॅम लगद्याचे 107 ग्रॅम उरले की ओलावा 7 टक्क्यांवर आला. चिमूटभर शेव पाण्यात टाका; निळसर रंग उतरला तर उष्णता जास्त झाली नाही असं समजा.

कोंबड्या-माशांच्या खाद्यात रंग थोडा उतरलेला चालतो, बुरशी अजिबात नाही. पावसाळी, ढगाळ दिवशी काढणीच करू नका. शेवाळ टाकीतच सुरक्षित असतं. वाळलेला माल गार होऊ द्या आणि लगेच हवाबंद, अपारदर्शक पिशवीत भरा. दळायचं ते लागेल तेव्हाच.