रानात बसून पहाटेचं निसर्गचित्र

पहाटेच्या चित्राचं निम्मं काम आदल्या दिवशी उरकलेलं असावं. दिवसाउजेडी जागा पाहून ठेवायची, होकायंत्रावर पूर्व बघायची आणि सूर्य डाव्या किंवा उजव्या अंगाला येईल अशी बैठक ठरवायची. सूर्य समोर आला तर डोळे दिपतात. पाठीशी आला तर ऊन थेट कागदावर पडतं, कागद झगझगतो, हात आपोआप गडद रंग लावतो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. पाठीला झाडाचं खोड असावं, म्हणजे आपली आकृती त्यात मिसळते. पाणवठ्याची वाट मात्र अडवू नये. हिंस्र किंवा मोठी जनावरं असलेल्या जंगलात अंधारात पायी जाऊन बसणं हा वेडेपणाच. तिथे लपणातून नाहीतर गाडीतून रंगवावं, तेही परवानगीने.

सूर्योदयाआधी 40 मिनिटं जागेवर असावं. जलरंगांसाठी 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड), 6 बाय 8 इंचाचा कागद चारही कडांनी फळीला टेपने चिकटवलेला हवा. याहून मोठा कागद या वेळेत पुरा होत नाही. ब्रश तीन पुरे: मोठा गोल, चपटा आणि बारीक. पाणी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत न्यावं. करकरणारं वेल्क्रो, खणखणणारे डबे आणि फडफडणारी छत्री घरीच बरी.

अंधुक उजेडात डोळ्यांना लाल रंग काळपट आणि निळे उजळ दिसतात. म्हणून तेव्हा रंग कालवू नयेत. आगपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने फिकट, मध्यम आणि गडद अशा तीनच छटांची मांडणी करून घ्यावी. पॅलेटवर रंगांचा क्रम कायम एकच ठेवला की पुढे चाचपडावं लागत नाही.

ऊन आलं की घाई सावल्यांची. सूर्य 5 अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या 11 पट पडते. 10 अंशांवर ती साडेपाच-सहा पटींवर येते. त्यामुळे एक क्षण निवडून सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाकाव्यात आणि नंतर समोर काहीही दिसो, त्या हलवू नयेत. सावल्यांच्या मागे धावलेल्या चित्रात दोन-दोन सूर्य असल्याचा भास होतो.

दवामुळे कागद लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्या वॉशवर, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरावर, पाणीदार ब्रश टेकला की फुलवरासारखे वेडेवाकडे डाग फुटतात. बोटाची मागची बाजू हलकेच लावून पाहावी. गार लागलं तर आत ओल आहे. थांबायला वेळ नसेल तर ब्रश टिपून घ्यावा आणि दाट रंग लावावा.

धुक्यातल्या टेकडीचा माथा स्पष्ट, पायथा विरलेला असतो. कोबाल्ट ब्लू (निळा) आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या राखाडी रंगाने माथा काढावा, मग खालची कड वाळायच्या आत स्वच्छ ओल्या ब्रशने पुसत न्यावी. पांढरा रंग लावून धुकं दाखवायला गेलं की ते खडूसारखं दिसतं.

जनावरं पोज देत नाहीत. वेगळ्या कागदावर पाठीची रेघ, मानेचा कल आणि पाय एवढंच टिपावं. चित्रात घालताना आकार चुकू नये म्हणून क्षितिजरेषा धरावी: सपाट माळावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून एक मीटरवर असतील, तर जवळचं हरीण असो वा लांबचं, क्षितिजरेषा त्याला एक मीटर उंचीवरच छेदते. लांबचं हरीण नुसतं छोटं करून रेषेखाली ठेवलं, की ते शेळीएवढं वाटू लागतं.

चरणाऱ्या जनावराने मान वर करून कान आपल्याकडे रोखले, तर आपण फार जवळ आहोत. ते पुन्हा चरू लागेपर्यंत हात थांबवावा. नाहीच लागलं तर सावकाश मागे सरावं.

रंगाचं पाणी ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. कॅडमियम, कोबाल्टचे रंग विषारी असतात. ते पाणी बाटलीत भरून परत न्यावं.