शीर्षकात ‘चिकित्सक अभ्यास’, आत काहीच नाही : लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

दरवर्षी परीक्षा जवळ आल्या की माझ्या टेबलावर लघुप्रबंधांचा गठ्ठा येऊन पडतो. एम.ए. लोकप्रशासन, आणि हल्ली काही ठिकाणी सार्वजनिक धोरण. मुखपृष्ठ न बघताच मी शीर्षक सांगू शकते : ‘ग्रामीण विकासात पंचायतराज संस्थांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’. तालुक्याचं नाव तेवढं बदलतं, ‘चिकित्सक’ कायम. मी आधी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते, मग तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे कागद कसा तयार होतो तेही पाहिलंय आणि मुलं तो कसा वाचत नाहीत तेही रोज पाहते. तेव्हा हे थोडं वैतागूनच लिहितेय.

तालुक्याएवढा विषय, मुठीएवढा वेळ

‘पंचायतराज संस्थांची भूमिका’ हा काही विषय नव्हे, ते अभ्यासक्रमातल्या घटकाचं नाव झालं. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००५ ते २००९ या काळात १५ अहवाल दिले, तेव्हा कुठे कारभाराच्या काही बाजू उलगडल्या. तुमच्याकडे एक सत्र आहे आणि एसटीचा पास.

माझी सवय अशी की विद्यार्थी विषय घेऊन आला की विचारायचं, ‘याचं उत्तर कुठल्या रजिस्टरात सापडेल?’ रजिस्टर सांगता आलं नाही तर विषय अजून मोठा आहे. ‘१५व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाच ग्रामपंचायतींनी पाण्यावर काय खर्च केला’ हा विषय ऐकायला किरकोळ वाटतो (वित्त आयोग केंद्राच्या पैशाचं वाटप सुचवतो; बंधित निधी म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा पैसा), पण त्याचं उत्तर रोकड वही, मासिक सभेचा ठराव आणि कामाचं मोजमाप पुस्तक यांत आहे. बहुतेकांना हे पटत नाही. ‘मॅडम, खूप छोटा वाटतो.’ वाटू दे.

शासन निर्णयाच्या वरच्या चारच ओळी वाचणं

शासन निर्णय, म्हणजे जीआर, नीट न वाचण्यावर जरा सविस्तर बोलते, कारण यानेच सर्वांत जास्त प्रबंध बुडाले आहेत.

आमच्याकडे एक मुलगा होता. हुशार, भरपूर फिरणारा. त्याने वित्त आयोगाचा निधी आणि तीन स्तर असा विषय घेतला होता. ग्रामपंचायती, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तिन्हीकडे जाऊन प्रश्नावल्या भरून आणल्या आणि निष्कर्ष काढला : ‘१४व्या वित्त आयोगाचा निधी वापरण्यात जिल्हा परिषद पूर्णपणे उदासीन दिसते.’ तक्ता होता, स्तंभालेख होता, जिल्हा परिषदेच्या रकान्यात शून्य होतं. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक निवृत्त गटविकास अधिकारी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, ‘बाळा, जो पैसा त्यांच्याकडे आलाच नाही, तो ते वापरणार कसा?’

१४व्या वित्त आयोगाने, म्हणजे २०१५ ते २०२० या काळात, ग्रामीण भागाचं अनुदान फक्त ग्रामपंचायतींना दिलं होतं. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद त्यातून वगळलेल्या होत्या. तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा मिळाला तो १५व्या आयोगापासून. त्यातही २०२०-२१ या पहिल्या वर्षी बंधित-अबंधित निम्मेनिम्मे होतं, आणि २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित झालं. या मुलाने १५व्याचा शासन निर्णय वाचून प्रश्नावली केली आणि ती १४व्याच्या वर्षांना लावली. सहा महिन्यांची पायपीट एका न वाचलेल्या पानापायी गेली.

शासन निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ असं लिहून खाली आधीच्या निर्णयांची यादी असते. मुलं ती शोभेची समजून पुढे जातात. अहो, ती त्या कागदाची वंशावळ आहे! आधीचा निर्णय अधिक्रमित झालाय का (म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय का), मध्ये शुद्धिपत्रक निघालंय का, पूरकपत्राने कुठली अट काढून टाकलीय, हे सगळं त्या यादीचा माग काढल्याशिवाय कळत नाही. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर ही वंशावळ काढते : डावीकडे तारीख, मध्ये काय बदललं, उजवीकडे कुणाला लागू. संगणकावर करायचं तर करा, मला पेन्सिल बरी पडते.

आणि शेवटही वाचा. निर्णय ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ संपला की खाली ‘प्रत’ची यादी असते, अगदी तळाला ‘निवडनस्ती’, म्हणजे कार्यालयाच्या स्वतःच्या फाइलसाठीची प्रत. ती यादी सांगते की हा कागद कुणाच्या टेबलावर पोचायला हवा होता. तुमच्या तालुक्यातल्या ज्या साहेबांनी ‘आम्हाला असं काही आलेलंच नाही’ म्हणून तुम्हाला वाटेला लावलं, त्यांचं पदनाम त्यात आहे का ते बघा. नसेल तर ते खरं बोलत होते, आणि तुमचा निष्कर्ष तिथेच सापडला.

हल्ली एक नवीन तऱ्हा सुरू झालीय. एआयच्या यंत्राला विचारून शासन निर्णयाचा क्रमांक-दिनांक मिळवायचा. एका मुलीने असा एक निर्णय दिला होता, भाषा झकास, क्रमांक रुबाबदार, आणि दिनांक १५ ऑगस्ट. त्या दिवशी मंत्रालयात झेंडावंदन असतं बाई, कक्ष अधिकारी निर्णय काढत बसत नाहीत. शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांक टाकून मूळ प्रत उघडली नसेल, तर तो कागद तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही.

पोर्टलवरचा हिरवा रंग

माझा दुसरा राग सरकारी पोर्टलवरच्या आकड्यांवर आहे. आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो कुठून मोजायला सुरुवात झाली, हे कुणी विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. अधिसूचित सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी, पहिलं अपील, दुसरं अपील, त्यावर आयोग. संशोधनाला उत्तम विषय. एका विद्यार्थ्याने एका तालुक्यातले उत्पन्नाचे आणि नॉन-क्रिमिलेअरचे दाखले घेतले. पोर्टलवरून आकडे उतरवले, जवळपास सगळं मुदतीत, वर्तुळालेख हिरवागार. पहिल्या मसुद्यात निष्कर्ष तयार : कायद्याची अंमलबजावणी यशस्वी.

मी एकच विचारलं, ‘पहिला दिवस कोणता धरलास?’

त्याला प्रश्नच कळला नाही. कायद्यात मुदत चालू होते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. मग ‘परिपूर्ण’ कोण ठरवतं, आणि ‘दाखल’ कधी होतो? म्हटलं, जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत तिथल्या सेवा केंद्राबाहेर आठवडाभर बस. तो कुरकुरला. सबमिशन पुढे जाणार होतं, मित्रांचे प्रबंध बांधून तयार होते. पण गेला.

परत आला तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता. केंद्रात माणूस कागद घेऊन यायचा. ‘सर्व्हर डाऊन आहे, ठेवून जा’ असं उत्तर मिळायचं. कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जायचे. मग पुढच्या टेबलाला झेपेल त्या बेताने थोडे थोडे अर्ज संगणकावर चढायचे. पावती त्या दिवशी निघायची आणि घड्याळ त्या दिवशी चालू व्हायचं. फोल्डरमधले दिवस कुठल्याच आकड्यात नव्हते. पोर्टल त्याला नोंद झाली तेवढं इमानेइतबारे सांगत होतं.

या मुलाने मग स्वतःची वही केली. रांगेतल्या माणसांना ‘समाधानी आहात का’ असं विचारायचं सोडून तो विचारू लागला, ‘पहिल्यांदा कधी आलात? आजचा कितवा हेलपाटा?’ हेलपाटा! आमच्या विषयात मोजमापाची एककं परदेशातून येतात, आणि तालुक्याच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एकक आम्हाला सुचत नाही. त्याने हेलपाटे मोजले, बुडालेली मजुरी लिहिली, गाडीभाडं लिहिलं. नमुना लहान होता आणि एका केंद्राचा होता. ‘यावरून राज्याबद्दल काही म्हणता येणार नाही’ असं त्याने स्वतःच लिहिलं. ती ओळ मला त्या प्रबंधात सर्वांत आवडली.

मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलं होतं की धोरण प्रत्यक्षात ठरतं ते खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या वागण्यातून. वर्गात हे सगळ्यांना पाठ असतं. खिडकीसमोर उभं राहायला मात्र कुणाला वेळ नाही.

बाकीच्या चुका, घाईघाईत

प्रश्नावली ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, भाऊसाहेब शेजारी बसलेले असताना भरून घेणं. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच, आणि त्यांच्यादेखत कुणीही ‘असमाधानी’वर खूण करत नाही. शंभर प्रश्नावल्या वसतिगृहाच्या खोलीत एकाच निळ्या पेनाने भरणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यावर सांख्यिकीतली काय-वर्ग चाचणी लावणाऱ्यांबद्दल तर नाहीच नाही.

ग्रामसभांची संख्या मोजून लोकसहभाग सिद्ध करणं. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इतिवृत्तात ‘तहकूब’ शब्द शोधा, मग सह्या मोजा.

अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे खर्च नव्हे. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने असतात. तिसरा बघा. तो मिळायला उशीर लागतो म्हणून पहिला वापरणं हा शुद्ध आळस.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं. ‘निधी का खर्च झाला नाही?’ याला उत्तर येत नाही, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिप्पणीची प्रत मागा, ‘का’ त्यात सापडतं. महाराष्ट्राच्या नियमाने अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मुलं तीन पानं लिहितात. आणि अर्जाआधी कलम ४ खाली कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर केलंय ते बघा. निम्मं काम तिथेच होतं.

पहिलं प्रकरण लोकप्रशासनाचा जनक मानल्या जाणाऱ्या वुड्रो विल्सनच्या १८८७ च्या निबंधापासून सुरू करणं. विल्सनबद्दल तक्रार नाही. पण रोजगार हमीवर लिहिताना तासगाव तालुक्यातला १९६५ चा प्रयोग, ही योजना मांडणारे वि. स. पागे, १९७२ चा दुष्काळ आणि १९७७ चा कायदा हे सगळं अर्ध्या पानात गुंडाळायचं आणि विल्सनला नऊ पानं द्यायची, हे काय? या योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या आईवडिलांच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये कापले जातात ना, तोच. शहरातल्या पगारातून गावच्या मजुरीची तजवीज. याहून चांगली सुरुवात कुठल्या प्रबंधाला हवी?

‘एमपीएससीला वैकल्पिक म्हणून उपयोगी पडेल’ एवढ्यासाठी एम.ए. घेणं. राज्यसेवा वर्णनात्मक झाल्यापासून ही गर्दी वाढली आहे. वैकल्पिकाची तयारी वेगळी आणि पदवी वेगळी. दोन्ही एका नोटसमध्ये उरकू पाहणाऱ्याचं सहसा दोन्हीकडे अर्धवट राहतं.

शिफारशींचं पान

हे पान मी सर्वांत आधी वाचते. ‘जनजागृती करावी. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. भ्रष्टाचारास आळा घालावा. निधी वाढवावा.’ कुणी करावी? कुणाच्या सहीने? कुठल्या नियमात काय बदलून? ही चार वाक्यं कुठल्याही योजनेच्या प्रबंधाला चालतात, म्हणजेच कुठल्याच प्रबंधाची नाहीत. माझा नियम असा की शिफारशीत पदनाम नसेल तर मी ती लाल पेनाने खोडते.

त्या हेलपाटेवाल्या मुलाची शिफारस एकच होती. अर्जदाराने पहिल्यांदा कागद दिले त्याच दिवशी, संगणक चालू असो वा नसो, केंद्राने हाती पोच द्यावी आणि तिच्यावर आवक दिनांकाचा शिक्का मारावा. तहसीलदारांनी महिन्यातून एकदा तो दिनांक आणि पोर्टलवरचा दिनांक ताडून बघावा. परीक्षक म्हणाले, ‘एवढंच?’ तो म्हणाला, ‘हो सर. शिक्का आणि शाईचा पॅड. बाजारात चौकशी केली, किंमत परिशिष्टात दिलीय.’