कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेऊ नका

गरोदर बाई सरकारी दवाखान्यातून लोहाची लाल आणि कॅल्शियमची पांढरी अशा दोन गोळ्या घेऊन येते. विसरायला नको म्हणून दोन्ही एकाच तळहातावर येतात आणि एका घोटात गिळल्या जातात. कृपा करून तसं करू नका. कॅल्शियममुळे लोह आतड्यात नीट शोषलं जात नाही. दोन्हींमध्ये किमान 2 तास जाऊ द्या.

कॅल्शियमच्या 500 मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या असतील तर एक सकाळी नाश्त्याबरोबर, दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर. अंगाला एका वेळी साधारण तेवढंच नीट लागतं, म्हणून दोन्ही एकदम नकोत. शिवाय नेहमीची कॅल्शियम कार्बोनेटची गोळी पोटात अन्न असताना चांगली विरघळते. लोहाची गोळी रात्री जेवून 2 तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर उत्तम. चहाबरोबर मात्र मुळीच नको. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा.

आणि नाचणी सोडू नका, 100 ग्रॅममध्ये जवळपास 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. सकाळी वाटीभर आंबील, वर ताक.