गोव्यात बेस म्युझिकच्या जोडीचा लाइव्ह शो बघायला येताय? आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

सीझन सुरू झाला की मला कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, ताई अमक्या डीजे जोडीचा शो आहे, तिकीट कुठलं काढू, राहू कुठे, आणि मी म्हापशाची असल्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. थोडंफार आहेही. पण उभं कुठे राहू हे कोणीच विचारत नाही, आणि बेस म्युझिकमध्ये, म्हणजे खालच्या जड आवाजावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या गाण्यांत, अर्धा शो त्यावरच ठरतो, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढते.

बेस कानापेक्षा अंगाने जास्त ऐकायचा असतो. चतुर्थीच्या घुमट आरतीला जे घुमटाच्या, म्हणजे आमच्या त्या मातीच्या, चामडं ताणलेल्या वाद्याच्या, अगदी शेजारी बसलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, कासाळें (झांजा) कानाला लागतात पण घुमट छातीत वाजतं. डबस्टेप, ड्रम अँड बेस वगैरे प्रकारांत तेच होतं, फक्त आवाज कितीतरी खालचा, ३० ते ६० हर्ट्झच्या आसपासचा. फोनच्या स्पीकरमधून हा आवाज येतच नाही. त्यामुळे शोच्या आधी गाणी ऐकायची असतील तर चांगल्या हेडफोनवर ऐका, नाहीतर यात एवढं काय आहे असं वाटेल. दोन-चार जुने लाइव्ह सेटही ऐकून या, म्हणजे ही जोडी काय कशात मिसळते ते कळतं. झेड्स डेड ही टोरांटोची जोडी घ्या किंवा नाइफ पार्टी ही ऑस्ट्रेलियाची, दोघांच्याही आवाजाला स्वतःची अशी चव आहे आणि ती ओळखीची झाली की मैदानात दुप्पट मजा येते.

तिकीट काढताना सगळ्यात आधी बघा की पोस्टरवर डीजे सेट लिहिलंय की लाइव्ह. डीजे सेट म्हणजे दोघं मिळून गाणी मिक्स करणार, लाइव्ह म्हणजे सहसा ड्रम, कीबोर्ड, सिंथ असं काहीतरी स्टेजवर वाजणार. दोन्ही छान असतं पण अपेक्षा वेगळी ठेवावी लागते. तिकीट अधिकृत ॲपवरूनच घ्या, कोणीतरी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर पैसे देऊ नका, क्यूआर एकदाच स्कॅन होतो आणि तोच स्क्रीनशॉट आधी कोणी वापरला असेल तर तुम्ही गेटवरच अडकता. वयाची अट तिकिटावर लिहिलेली असते, ओळखपत्र सोबत ठेवा. व्हीआयपीचे जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही, तो प्लॅटफॉर्म बऱ्याचदा कडेला असतो आणि कडेला बेस कसा लागतो ते आता सांगते.

माझा पहिला मोठा शो वागातोरला होता. मी धक्के खात अगदी पुढे गेले, डावीकडच्या सबवूफरच्या, म्हणजे फक्त बेससाठीच्या मोठ्या स्पीकरच्या, थेट समोर, कानात काही न घालता दोन तास तिथेच. हातातल्या प्लास्टिकच्या ग्लासातलं पाणी गोल गोल थरथरत होतं, खिशातली किल्ली आपोआप वाजत होती, मला वाटलं हाच खरा अनुभव. पण गाणं काय चाललंय ते कळतच नव्हतं, नुसता धडधडाट, आणि नंतर दोन दिवस कानात शिट्टी. पुढच्या वेळी साउंडचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी मला सरळ मागे नेलं, मैदानाच्या मध्यावर त्यांचा मिक्सर असतो त्या चौथऱ्याच्या जरा पुढे उभं केलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की बेसमध्येसुद्धा सूर असतो.

कारण असं. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. स्टेजच्या डावीकडे आणि उजवीकडे असे दोन ढीग सबवूफर असले की दोन्हीकडच्या लाटा मधल्या रेषेवर एकदम पोचतात आणि एकमेकींत मिळून मोठ्या होतात, पण तुम्ही बाजूला सरकलात की कुठेतरी अशी जागा येते जिथे एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र येतो आणि बेस अचानक गायब. चार-पाच पावलांत फरक पडतो, खरंच चालून बघा. काही ठिकाणी सबवूफर स्टेजच्या पुढे एका ओळीत लावतात, तिथे हा त्रास कमी. पण तुम्हाला काहीच माहीत नसेल तर मध्ये आणि त्या मिक्सरच्या चौथऱ्याजवळ उभे राहा, कारण ज्याच्या हातात आवाज आहे तो स्वतः तिथेच बसून ऐकतो. बंद क्लबमध्ये उलटा प्रकार, भिंतीला टेकून उभं राहिलं की, त्यातही कोपऱ्यात, बेस साचतो आणि सगळं गढूळ होतं, म्हणून भिंतीपासून चार पावलं आत या.

आता कान. हा भाग कृपा करून वगळू नका. ८५ डेसिबलला ८ तास ठीक मानतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि अशा शोमध्ये १०० सहज ओलांडतो. मेडिकलमधले फोमचे बोळेसुद्धा चालतात, फक्त ते वरचा आवाज जास्त कापतात म्हणून गाणं जरा दबलेलं लागतं. म्युझिकसाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखा खाली आणतात, वर्षातून दोन शो बघणार असाल तर तेच घ्या. फोमचा बोळा नुसता कानाच्या तोंडाशी ठेवून उपयोग नाही. बोटांत वळून वळून बारीक वातीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, वात आत सरकवा आणि तीस सेकंद बोटाने धरून ठेवा, फुगून बसेपर्यंत. बेस कमी होईल ही भीती नको, तो अंगातून येतोच. माझा मावसभाऊ कोल्हापूरहून पहिल्यांदा आला होता, घालायलाच तयार नव्हता, शेवटी घातले आणि पहिल्या ड्रॉपला, म्हणजे थांबलेला बेस एकदम कोसळतो त्या क्षणाला, माझा हात धरून ओरडला, ताई, पोटात वाजतंय गं!

जोडी स्टेजवर असताना नुसतं लाइटकडे बघू नका, त्यांच्या हातांकडे बघा. सहसा एक जण चालू गाण्यावर असतो, फिल्टर फिरवतोय, बेसचा नॉब खाली घेतोय, आणि दुसरा हेडफोन एका कानाला लावून पुढचं गाणं जुळवतोय, मग एक नजर, एक मान हलवणं, आणि जागा बदलतात. ड्रॉपच्या आधी बेस पूर्ण काढून घेतात ते मुद्दाम, कान रिकामा झाला की परत येणारा बेस दुप्पट मोठा वाटतो. कधी दोन गाण्यांचे ड्रॉप एकाच क्षणाला पाडतात, ते जमलं की अख्खं मैदान ओरडतं. आणि पब्लिक खूपच पेटलं तर गाणं मध्येच थांबवून परत पहिल्यापासून लावतात, ही पद्धत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांपासून आलीय, तेव्हा काही बिघडलं असं समजू नका. डबस्टेप साधारण १४० बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि ड्रम अँड बेस १७०-१७५, पण डबस्टेपला मान निम्म्या वेगात हलते, त्यामुळे दमत नाही, तासभर नाचता येतं.

वेळेचं गणित गोव्यात वेगळं आहे. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, बाकी १० म्हणजे १०. त्यामुळे मुख्य जोडी आठ-साडेआठलाच चढू शकते, आणि मुंबईच्या सवयीने जेवूनबिवून दहाला पोचणारे लोक मी गेटवर रडकुंडीला आलेले बघितलेत. सूर्य बुडायच्या आत पोचा. पहिले वाजवणारे स्थानिक पोरं असतात, त्यांनाही ऐका, आणि मैदान रिकामं असताना चालून आपली जागा शोधून ठेवा.

बूटच घाला. लाल माती, धूळ आणि पुढे उड्या मारणारं पब्लिक, चपलेत अंगठा फुटतो. पुढे गोल करून ढकलाढकली सुरू झाली की ज्यांना नको त्यांनी लगेच दोन रांगा मागे यावं, आणि कोणी पडलं तर आधी उचलायचं, हे सगळे पाळतात. गर्दीत नेटवर्क जातं म्हणून मैत्रिणींबरोबर भेटायची जागा आधीच ठरवा. पाणी पीत राहा, आणि अनोळखी माणसाने दिलेलं काहीही तोंडात टाकू नका.

परत जायचं मात्र आधीच ठरवून या. ओला-उबरच्या भरवशावर येऊ नका, गोवा माईल्स हे टॅक्सीचं ॲप आहे पण शो सुटल्यावर सगळेच एकदम शोधतात, आणि रात्री उशिरा कदंबा बस मिळणार नाही. चार-पाच जणांत टॅक्सी जाता-येता ठरवून घ्या. भाड्याची स्कूटर घेतली तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, आणि ज्याने प्यायलीय त्याने चावी द्यायची, त्यात चर्चा नाही. रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन सोयीचं, आणि वागातोरपेक्षा म्हापशात खोली स्वस्त पडते.

बाहेर आल्यावर कानातले बोळे लगेच काढू नका, गेटपासून लांब आल्यावर काढा, रस्त्यावरचे हॉर्नही तेव्हा लागतात. मग एखाद्या गाड्यावर गरम रस ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट) आणि पाव खा, आम्ही दर वेळी खातो, आणि त्या वेळात तिथे कोणीच फारसं बोलत नाही, सगळ्यांच्या अंगात अजून तेच चालू असतं. सकाळी उठून कानात बारीक शिट्टी ऐकू आली तर तो दिवस शांत जागी काढा, हेडफोन लावू नका, आणि दोन दिवसांनीही ती गेली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा.