जुन्या डेस्कटॉपमध्ये सेकंडहँड पार्ट टाकताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत भाचा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून इंटेलचा एक वापरलेला आय५ प्रोसेसर घेऊन आला. घरचा डेस्कटॉप २०१२ सालचा, आय३ प्रोसेसरचा. दहावीनंतर त्याला त्यावर प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. 'मदरबोर्ड कुठला?' असं दुकानात विचारलं तेव्हा त्याने 'इंटेलचा' एवढंच सांगितलं होतं. घरी कॅबिनेट उघडलं तर बोर्ड निघाला एच६१ चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा (सॉकेट) ११५५ प्रकारची. हातातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा, ११५१चा. त्याने जोर लावला नाही हे फार बरं झालं. इंटेलच्या या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात आणि त्या केसासारख्या नाजूक असतात. दोनचार वाकल्या की चांगला चालता बोर्ड भंगारात जातो.

सेकंडहँड पार्टची लोकांना उगाच भीती वाटते. प्रोसेसर सहसा खराब होत नाही आणि रॅमही वर्षानुवर्षं चालते. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा चांगला पार्ट चुकीच्या मशीनसाठी घेतल्यामुळे. म्हणून खरेदीला निघण्याआधी बोर्डाचं नाव आणि त्यावर छापलेला रिव्हिजन नंबर यांचा फोटो काढून ठेवा. कॅबिनेट उघडायचं नसेल तर 'सीपीयू-झेड' हे मोफत सॉफ्टवेअर 'मेनबोर्ड'च्या टॅबमध्ये तीच माहिती देतं.

'आय५ म्हणजे आय५' असं धरून चालणं

एलजीए ११५५ सॉकेटवर इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी चालते, ११५०वर चौथी. खरा घोळ ११५१चा आहे. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या दोन्ही जोड्यांचं सॉकेट त्याच नावाचं. प्रोसेसर बसतोही, पण १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो.

सॉकेट जुळलं तरी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, पाहायचा राहतो. सुरुवातीचे एच६१ बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातले. त्यावर तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० लावला आणि बायोस जुनाच असला, तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. मग माणूस प्रोसेसर खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जातो. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकापुढे किमान बायोस व्हर्जन दिलेलं असतं. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या, आणि तेही यूपीएसवर. मध्येच वीज गेली तर बोर्ड उठणं अवघड.

स्वस्तात मिळणाऱ्या झिऑनबद्दल, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरबद्दल, एक सूचना. ई३-१२३० व्ही२ सारख्या मॉडेलमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो घेऊन उपयोग नाही.

आधी प्रोसेसरवर पैसे घालणं

रोजच्या वापरात जुनं मशीन रडतं ते बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे. म्हणून पहिला खर्च २.५ इंची साटा एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणाऱ्या, पण चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचा. एच६१वर साटाचा वेग ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे एसएसडी तिच्या जाहिरातीतल्या वेगाच्या साधारण निम्म्यावर चालते. तरीही ती घ्याच. फाइल सापडायला लागणारा वेळच इतका कमी होतो की तोच माणूस तेच मशीन पुन्हा आवडीने वापरू लागतो. एच८१ बोर्डवर मात्र चारपैकी दोनच पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, एसएसडी त्यांपैकीच एकावर लावा.

एनव्हीएमई ही आणखी वेगवान एसएसडी आणि तिच्यासोबत पीसीआय एक्सप्रेसचं (बोर्डवरच्या कार्डांच्या स्लॉटचं) अडॅप्टर कार्ड घेण्याचा मोह होतो. विंडोज सुरू असताना ती दिसतेही. पण त्या काळच्या बायोसला एनव्हीएमईवरून बूट होणं माहीत नसतं, त्यामुळे विंडोज त्यावरून सुरू होत नाही.

वापरलेली एसएसडी किंवा हार्ड डिस्क घेत असाल तर दुकानातच 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघा. हार्ड डिस्कमध्ये 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींतला कच्चा आकडा शून्य हवा. पेंडिंगमध्ये काही दिसलं तर डिस्क कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. त्यावर कुणाचे तरी घरचे फोटो जाणार आहेत.

एसएसडी लावून बायोसमध्ये डिस्क चालवण्याची पद्धत आयडीईवरून एएचसीआय केली आणि निळी स्क्रीन आली, तर विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. सेटिंग परत आयडीई करा, विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून सेफ बूट निवडा, मग रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की सेफ बूटची खूण काढून टाका. बहुतेकदा एवढ्याने भागतं.

रॅमचं लेबल अर्धंच वाचणं

८ जीबी डीडीआर३ची पट्टी बाजारभावापेक्षा फार स्वस्त दिसली तर 'फक्त एएमडीसाठी' असं कुठे लिहिलंय का बघा. तिच्यातल्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डवर ती चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅमही घरगुती बोर्डवर चालत नाही. या दोन्ही पट्ट्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात, फसगत होते ती त्यामुळेच. एच६१वर कमाल १६ जीबी चालते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांमुळे त्याला दुप्पट रुंद वाट मिळते.

रॅम बदलल्यावर डिस्प्ले गेला तर वायर काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि त्याचा भुगा झटकून टाका. मग एकच पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहा. चालू झालं तरी एक रात्र 'मेमटेस्ट८६' हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर फिरू द्या. एकही चूक दाखवली तर पट्टी परत. आज नाही तर महिन्याने ती एखादी फाइल खराब करणारच.

एसएमपीएस सेकंडहँड घेणं

एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इतर कशातही तडजोड करा, इथे करू नका. बिघडलेला प्रोसेसर एकटा जातो. बिघडलेला एसएमपीएस बोर्ड, डिस्क, कार्ड सगळ्यांना घेऊन जातो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने आणि वर्षांनी वाळतात, आणि बाहेरून डबा मात्र नव्यासारखा दिसतो.

लेबलवरच्या मोठ्या अक्षरांतल्या ४५० वॅटवर विश्वास ठेवू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि १२ने गुणा. १८ अँपिअर असतील तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला २१६ वॅट येतात. कार्डाला ६ पिनांची वायर लागते आणि एसएमपीएसला ती नाही, म्हणून मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगपासून कन्व्हर्टर लावणं हे मी अनेक घरांत पाहिलंय. वितळलेला प्लग आणि जळका वास याच जागी सापडतो.

कंपनीचं ऑफिस मशीन असेल तर आणखी जपा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या बोर्डला मुख्य वीज २४ पिनांनी नाही, ८ पिनांनी जाते. एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१लाही स्वतःचा वेगळा प्लग आहे. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे थेट लागत नाही.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून फार ऐकू येते. तो सहसा एसएमपीएसचा दोष नसतो. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थच्या वायरला जोडलेले असतात. भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट विजेच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, तरी आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, पार्टचा विचार नंतर.

ग्राफिक्स कार्ड नावावरून घेणं

जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय अशा जुन्या कार्डांचा बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जातात. विंडोजही तेच नाव दाखवतं. 'जीपीयू-झेड' उघडा. अशी बनावट कार्डं ते ओळखतं आणि नावापुढे 'फेक' लिहितं. मग दुकानातच पंधरावीस मिनिटं लोड देऊन बघा. स्क्रीनवर ठिपके आले, पंखा कर्कश झाला किंवा मशीन बंद पडलं तर नको.

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ऑफिस मशीनसाठी वेगळी वायर न लागणारंच कार्ड बघा, आणि चपटं कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल (बुटक्या) पट्टीसकट. जीटी १०३० घेताना ते जीडीडीआर५चं आहे ना हे विचारा. त्याच नावाचं डीडीआर४चं कार्ड बरंच हळू आहे.

सगळं एकाच दिवशी बदलणं

पाच पार्ट एकदम लावले आणि मशीन उठलं नाही, तर दोष कुणाचा हे कळणार कसं? एक पार्ट लावा, दोन दिवस वापरा, मग पुढचा. तरीही डिस्प्ले आला नाही तर वायर काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२चा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोसची सेटिंग मूळ जागी येतात. तारीख रोज मागे जात असेल तर तो सेल संपलाय, नवा टाका. दहा मिनिटांनी मशीन आपोआप बंद होत असेल तर प्रोसेसरचा पंखा तपासा. इंटेलच्या कूलरला चार खिट्ट्या असतात आणि एखादी हमखास अर्धवट बसलेली असते. बोर्डच्या मागच्या बाजूने चारही पूर्ण बाहेर आल्यात का बघा. पंखा काढलाच आहे तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

कुठे थांबायचं हे न ठरवणं

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं. म्हणजे वरच्या यादीतली बहुतेक मशीनं लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यावी लागतील, किंवा बँकेच्या कामाला वापरायची नाहीत. पार्टची बेरीज आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉपच्या निम्म्याच्या वर जाऊ लागली की मी लोकांना थांबवतो आणि ते मशीन घ्या म्हणून सांगतो.

भाच्याच्या मशीनचं गणित त्या मर्यादेत बसलं. बिलावर 'टेस्टिंग वॉरंटी सात दिवस' लिहून घेतलं होतं म्हणून चुकीचा प्रोसेसर परत गेला, आणि बदल्यात आय५-३४७० मिळाला. त्याआधी आम्ही बायोस अपडेट केला. एसएसडी नवी, एसएमपीएस नवा, रॅम ४ जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, कारण तो शिकतोय त्या पायथन भाषेला ते लागत नाही. त्यावर लिनक्स मिंट आहे, आणि हल्ली रात्री जेवायला त्याला तीन हाका माराव्या लागतात.