डिशवॉशरमध्ये मीठ कुठलं घालायचं, कधी आणि कसं

काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर दिसायला लागला की आमच्या सोसायटीत सगळ्यात आधी पावडर बदलली जाते. मग महागडी टॅबलेट येते. थर काही जात नाही, कारण तो येतो पाण्यातून. पुण्याच्या पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांमध्ये महापालिकेचं पाणी पुरत नाही, त्यात बोअरचं आणि टँकरचं मिसळतं. जमिनीतून येणारं हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा चुना बसतो, तोच गरम पाण्याने ग्लासवर बसतो. पाणी पिण्यालायक आहे म्हणजे मशीनला चालेल, असंही नाही. भारतीय मानकात जडपणा, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, पण दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंतही मान्य आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. हे मीठ भांड्यांसाठी नसतंच. मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. आत येणारं पाणी त्यातून जातं, मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरून जातात. मग मशीन शेजारच्या टाकीतलं मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवतं, अडकलेले क्षार सुटतात आणि ते पाणी थेट ड्रेनमधून बाहेर जातं. भांड्यांना मीठ लागत नाही. तुमच्या ग्लासातलं पाणी खारट लागत असेल, तर टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही किंवा त्याचं रबर गेलंय.

आता मीठ कुठलं? माझ्या सासूबाईंनी मोठ्या मायेने उरणकडच्या मिठागरातलं जाडं मीठ पुढे केलं होतं. ‘खडेच हवेत ना तुला, हे घे की!’ खडे हवेत हे खरं, पण ते मीठ मी लोणच्यासाठीच ठेवलं. पावसाळ्यात जाडं मीठ बरणीत पाझरतं ना, ते त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. म्हणजे जे पाण्यातून काढायचं, तेच आपण टाकीत ओतणार, वर थोडा गाळही. पुडीतलं बारीक आयोडीनचं मीठही नको: ते घट्ट बसून गोळा होतं आणि मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले पदार्थ टाकीत साठतात. सैंधव, काळं मीठ यांचा तर विचारच नको. ‘डिशवॉशर सॉल्ट’ म्हणून मिळतं तेच आणा. ते निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, जाड दाण्याचं. इथे पैसे वाचवायला जाऊ नका, रेझिनचा कप्पा बदलायचा खर्च फार मोठा असतो.

भरायची वेळ महत्त्वाची. भांडी लावून मशीन सुरू करायच्या अगदी आधी भरा. खालची जाळी बाहेर काढा, तळातलं झाकण उघडा. मशीन नवीन असेल तर टाकीत आधी साधारण लिटरभर पाणी ओता. हे फक्त पहिल्यांदाच. पुढे टाकीत पाणी असतंच, ते उपसायचं नाही. मग नरसाळं लावून मीठ सोडा. बहुतेक मशीनमध्ये किलोभर किंवा थोडं जास्त मावतं. जसजसं मीठ आत जातं तसतसं पाणी वर येऊन बाहेर सांडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मीठ वरच अडकलं तर चमच्याच्या दांड्याने हलकं ढवळा. मग झाकणाच्या आट्यांमधले आणि रबरावरचे दाणे ओल्या फडक्याने पुसून झाकण घट्ट फिरवा आणि लगेच मशीन चालवा. सांडलेलं खारट पाणी रात्रभर तसंच राहिलं तर स्टीललाही गंज धरतो.

घरात कामाला मदतनीस येत असतील किंवा मुलं मशीन लावत असतील, तर त्यांना हे झाकण उघडून दाखवाच. मिठाच्या टाकीत चुकून पावडर गेली तर सॉफ्टनर, म्हणजे तो रेझिनचा कप्पा, निकामी होतो.

मीठ भरलं, पण मशीनला पाण्याचा जडपणा सांगितलाच नाही, असं पुष्कळ घरांत असतं. मशीनसोबत येणारी चाचणीची पट्टी पाण्यात बुडवा, रंगावरून आकडा कळतो. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, नुसता जडपणा नाही. पुस्तिकेतला तक्ता जर्मन अंशांत (जडपणाचं एक माप) असेल तर पीपीएमला, म्हणजे लिटरमागच्या मिलिग्रॅमला, 17.8 ने भागा: 300 पीपीएम म्हणजे साधारण 17 अंश. तक्त्यात बघून तेवढं सेटिंग लावा. आणि हे एकदा लावून विसरायचं नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर वाढले की मी पुन्हा पट्टी बुडवते, पावसाळ्यात धरणाचं पाणी नीट यायला लागलं की परत. ‘थ्री-इन-वन’ टॅबलेटमध्ये मिठाचं काम होतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण बोअरच्या पाण्याला ते पुरत नाही.

एवढं करूनही ग्लास धुरकट दिसला तर त्यावर थोडं व्हिनेगर चोळून बघा. डाग निघाला तर तो चुना आहे: मीठ संपलंय का बघा, नसेल तर सेटिंग एक पायरी वाढवा. निघाला नाही, तर काचच झिजली आहे. फार मऊ, म्हणजे क्षार जवळपास नसलेलं पाणी आणि जास्त पावडर मिळून काच खातात. अशा वेळी सेटिंग आणि पावडर दोन्ही कमी करा आणि चांगले ग्लास हातानेच धुवा.