ट्रेडिंगची वही पेन्सिलीनं लिहू नका

लॉट (सौद्याचं ठरलेलं माप) म्हणजे काय, मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) कसं अडकतं, स्टॉपलॉस (ठरल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) कुठे टाकतात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते शिकून या, सौद्यांच्या नोंदवहीचं नंतर बघू.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी सात एकर, पऱ्हाटी आणि तूर. डॉलर-रुपयाच्या वायद्यात २०२२ च्या उन्हाळ्यात उतरलो. जिनिंगवर कापूस घेऊन गेलं की तिथे सतत डॉलरचा विषय निघायचा आणि मला वाटायचं, आपल्याला हा कळतो. कळत नव्हता.

वही न लिहून बुडालेले पुष्कळ भेटतील. मी वही लिहून बुडालो. दीड वर्षात शहाण्णव हजार, आणि त्यातल्या प्रत्येक सौद्याची नोंद आहे.

वही म्हणजे भाचीची अर्धी कोरी राहिलेली दोनशे पानी, आणि तिचीच पेन्सिल. सकाळी सौदा करायच्या आधी भाव, स्टॉपलॉस, कारण लिहायचो. पाचला बाजार बंद झाला, ढोरांचं चारापाणी उरकलं की पुन्हा वही उघडून 'दुरुस्त' करायचो. खोडरबर भाचीचंच.

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास डॉलर पडेल या अंदाजानं ८३.२९ ला वीस लॉट आधीच विकले होते. स्टॉपलॉस ८३.३४. एका लॉटमध्ये १,००० डॉलर, म्हणजे एक पैसा हलला की लॉटमागे १० रुपये, वीस लॉटवर २००. पाच पैशांची जोखीम, म्हणजे हजार रुपये. भाव ८३.३३ ला आला तसा मी स्टॉपलॉस ८३.४० वर नेला. तिथे पोचला तेव्हा काढूनच टाकला. शेवटी ८३.४३ ला हात झटकले. २,८०० गेले. संध्याकाळी वहीत ८३.३४ खोडून ८३.४० लिहिलं, आणि पुढे 'बाजार अचानक उसळला'. अचानक कसला? दोन तास मी बघतच बसलो होतो.

हे मी विसरूनही गेलो असतो. जानेवारीत एका रात्री लाईन गेली. मोबाईलचा टॉर्च वहीवर आडवा पडला आणि ८३.४० च्या खाली कागदात रुतलेला ८३.३४ दिसला. पेन्सिल जोरात दाबून लिहायची माझी सवय. मग तसाच टॉर्च आडवा धरून मागची पानं बघत गेलो. साठ सौद्यांपैकी तेवीस ठिकाणी असेच वळ होते.

यानं नेमकं काय बिघडतं ते जरा लांबण लावून सांगतो, कारण माझे पैसे इथेच गेले. महिनाअखेर मी हिशेब करायचो : किती सौद्यांत नियम पाळला? वही सांगायची, जवळजवळ सगळ्यांत. मग तोटा कशानं? मी ठरवलं की सौद्यात शिरायची माझी पद्धतच चुकीची आहे. पद्धत बदलली. पुन्हा तोटा, पुन्हा बदलली. तीन इंडिकेटर (भावाचा अंदाज सांगणारे आलेख) झाले, एक कोर्स झाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पद्धत बरी होती की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही, कारण जिच्यावरून तपासायची ती वहीच मी रोज संध्याकाळी खोटी करत होतो. आणि खोटं लिहितोय असं एकदाही वाटलं नाही. वाटायचं, नीटनेटकं करतोय.

आमचे बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहितात. एका वर्षी जूनच्या चौकोनात होतं : 'पेरलं. पाऊस एकच. मोठे दादा थांब म्हणे.' त्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली. मी म्हटलं, ती ओळ तरी खोडा, येणारे-जाणारे वाचतात. तर म्हणाले, "खोडून का होते बाप्पा? बियाण्याचे पैसे वापस येतेत का?" पुढच्या जूनमध्ये पेरायच्या आधी त्यांनी ते जुनं कॅलेंडर काढून बघितलं होतं.

आता मी निळ्या पेनानं लिहितो. ऑर्डर टाकायच्या आधी वेळ, लॉट, स्टॉपलॉस, कुठे निघायचं, आणि कारण एका वाक्यात. खाली आडवी रेघ. स्टॉपलॉस हलवायचा तर हलवा, पण नवी ओळ, वेळेसकट : '१२:४०. ८३.३४ चा ८३.४० केला. भीती.' एवढंच. चाळीस रकान्यांच्या तयार एक्सेल फाइली फिरतात, त्या भरता भरता माणूस आठव्या दिवशी वही सोडतो.

खरं लिहायला लागल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप दिसल्या. वावरातून, मोबाईलला एकच काडी असताना केलेले चौदा सौदे, अकरा तोट्यात. ब्रोकरेज मी कधी लिहीतच नव्हतो. घेताना २० आणि विकताना २०, असे ४० रुपये एका लॉटवर धरले तर चार पैसे झाले, आणि २०२३ मध्ये कित्येक दिवस रुपया दिवसभरात दहा पैसेही हलत नव्हता. शुक्रवारचे सौदे वेगळेच. अमेरिकेचे रोजगाराचे आकडे आपल्याकडे संध्याकाळी सहा-सातला येतात, बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. रुपयाचा बाजार पाचलाच बंद. सोमवारी नऊला भाव थेट स्टॉपलॉसच्या पलीकडे उघडला की तुमची वही आणि तुम्ही, दोघंही नुसते बघत राहता.

गुरू करायचा असेल तर त्याला त्याच्या तोट्याची पानं मागा. नफ्याचे स्क्रीनशॉट मागायची गरज नाही, ते न मागता येतात. माझ्या कोर्सवाल्यानं 'मानसिकता' या विषयावर दोन तास घेतले आणि स्वतःचा एकही सौदा दाखवला नाही.

अजून एक, आणि हे कडक सांगतो. ३ मे २०२४ पासून रुपयाच्या जोडीत सौदा करायला खरंखुरं परकीय चलनाचं देणं-घेणं असावं लागतं. १० कोटी डॉलरपर्यंत त्याची कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत, म्हणून कोणी सांगेल, 'देणं-घेणं आहे' वर टाक टिक, कोण बघते. टाकू नका. आणि तिकडे बंद झालं म्हणून परदेशी अ‍ॅपवर तर मुळीच जाऊ नका. रिझर्व्ह बँकेनं अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी २०२२ पासून लावलेली आहे, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही.

माझं डॉलरमध्ये काही देणं-घेणं नाही, म्हणून मी बाहेर पडलो. वही चालू आहे, कागदी सौद्यांवर, म्हणजे पैसे न लावता नुसत्या लिहिलेल्या सौद्यांवर. लोक हसतात. पण तुम्ही नवीन असाल तर इथूनच सुरू करा. पैसा लागत नाही आणि घाबरायचं काही नाही. कागदी सौद्यातही माझा हात स्टॉपलॉस हलवायला जातो. परवाच गेला. ११:२०, कारणाच्या जागी लिहिलं, 'उगाच.'